समावेशक वास्तुकला

समावेशक वास्तुकला : धर्म, भाषा, वंश वा चालीरीती भिन्न असलेल्या लोकांना एकाच वास्तूत किंवा मोकळ्या जागेत बरोबरीने वावरता यावे, या हेतूने केलेली वास्तुरचना. या विचाराचा उगम अपंगांसाठीच्या सोयींत आहे, असे सामान्यतः मानतात. ‘सार्वत्रिक अभिकल्प’ (वय वा शारीरिक क्षमता कशीही असली, तरी सर्वांना वापरता येईल अशी रचना) ही संज्ञा अमेरिकन वास्तुविशारद रोनाल्ड मेस यांनी १९८५ च्या सुमारास रूढ केली. सांस्कृतिक विविधतेचा धागा मात्र सामाजिक मानसशास्त्रातून आला असावा. गॉर्डन ऑलपोर्ट यांच्या संपर्क-गृहीतकानुसार (१९५४) समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य व संस्थांचा पाठिंबा असेल, तर परस्परसंपर्काने पूर्वग्रह ओसरतात. यांपैकी पहिली अट इमारतीच्या थोडीफार हाती असते.

वास्तू माणसांना दूरही ठेवू शकते, याचे नेहमीचे उदाहरण न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडचे. बसने येणारे गरीब व कृष्णवर्णीय जोन्स बीचवर पोहोचू नयेत म्हणून न्यूयॉर्कमधील सार्वजनिक बांधकामांचे सूत्रधार रॉबर्ट मोझेस यांनी तेथील पार्कवेंवरचे (झाडीतून जाणाऱ्या मोटाररस्त्यांवरचे) पूल, खालून बस जाऊ नये इतके, मुद्दाम ठेंगणे बांधविले, असे त्यांचे चरित्रकार रॉबर्ट कॅरो यांनी १९७४ मध्ये लिहिले. लँग्डन विनर यांच्या १९८० च्या निबंधामुळे ते सर्वतोमुखी झाले. बर्नवर्ड योर्गेस यांनी १९९९ मध्ये ते खोडून काढले : अशा मार्गांवर बस व मालमोटारींना मुळातच बंदी होती आणि किनाऱ्याकडे जाणारे इतर रस्ते होते. पुढे थॉमस कँपानेला यांनी इतर पार्कवेंशी ताडून पाहिले, तेव्हा मोझेस यांचे पूल खरोखरच बुटके भरले. तरीही उंचीवरून हेतू सिद्ध होत नाही. योर्गेस यांचा सावधपणा अधिक ग्राह्य वाटतो.

सिंगापूरच्या सरकारी गृहसंकुलांत तळमजला खांबांवर मोकळा सोडतात. त्याच जागेत मलय कुटुंबाचे लग्न लागते आणि चिनी कुटुंबाचे अंत्यविधीही होतात. मात्र सदनिकांच्या वाटपात १९८९ पासून वांशिक कोटा असल्याने सलोख्याचे श्रेय रचनेला किती आणि धोरणाला किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

कोपनहेगनमधील सुपरकिलेन उद्यानात (२०१२) रहिवाशांच्या मूळ देशांतील वस्तू मांडल्या आहेत. त्यांत मोरोक्कन कारंजे आहे, तसा थाई मुष्टियुद्धाचा आखाडाही. २०१६ मध्ये त्याला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. विविधतेचे हे प्रदर्शन झाले, सहजीवन नव्हे, अशी टीकाही झाली. बर्लिनच्या ‘हाउस ऑफ वन’च्या (पायाभरणी २०२१) आराखड्यात चर्च, सिनेगॉग व मशीद यांची दालने स्वतंत्र असून ती एका सामाईक सभागृहाभोवती आहेत. सर्वांसाठी एकच प्रार्थनागृह बांधण्यापेक्षा ही योजना अधिक समंजस म्हणावी लागेल.

भारतात इंदूरची अरण्य वसाहत उल्लेखनीय आहे. बाळकृष्ण दोशी यांनी वेगवेगळ्या उत्पन्नगटांचे भूखंड एकाच आराखड्यात बसविले. लहान भूखंडांवर जोते, शौचालय व नळ-सांडपाण्याची सोय करून दिली, वरचे घर मात्र ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे व रीतीप्रमाणे बांधावयाचे होते. या वसाहतीला १९९५ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला.