मँगनाइटमधलं चुंबकीय संक्रमण: अर्ध्या शतकाची पार्श्वभूमी

मँगनाइट म्हणजे मँगनीज, ऑक्सिजन आणि आणखी एखादा धातू यांचं संयुग. त्यातलं शुद्ध लँथेनम मँगनाइट तसं कंटाळवाणं. वीज जवळपास वाहत नाही आणि साधारण १४० केल्विनच्या खाली शेजारच्या थरांतले मँगनीजचे स्पिन (इलेक्ट्रॉनांमुळे येणारी सूक्ष्म चुंबकं) परस्परांविरुद्ध उभे राहतात, त्यामुळे एकूण चुंबकत्व शून्य. कॅल्शियम मँगनाइटही अँटिफेरोमॅग्नेटिक, म्हणजे अशाच विरुद्ध स्पिनांचं, आणि विद्युतरोधकच. पण लँथेनमच्या सुमारे एक तृतीयांश जागी कॅल्शियम घातलं, की साधारण २५० केल्विनच्या खाली हा पदार्थ फेरोमॅग्नेट, म्हणजे सगळे स्पिन एकाच दिशेला असलेला चुंबक, होतो आणि त्याच वेळी धातूसारखी वीजही वाहून नेऊ लागतो.

ही गोष्ट १९५० मध्ये योंकर आणि व्हान सांतेन यांनी फिलिप्सच्या आइंडहोवन इथल्या प्रयोगशाळेतून मांडली. तिथे फेराइटवर (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडवर) आधीपासून काम चालू होतं, त्यामुळे चुंबकीय ऑक्साइड हा त्यांचा घरचाच विषय. ऑक्साइडमध्ये फेरोमॅग्नेटिझम आणि वाहकता हातात हात घालून येतात, हे मात्र नवीन होतं.

क्लॅरेन्स झेनर यांनी पुढच्याच वर्षी कारण सुचवलं. त्रिसंयुजी लँथेनमच्या जागी द्विसंयुजी कॅल्शियम आला, की विद्युतभार जुळवण्यासाठी काही मँगनीज आयन ३+ चे ४+ होतात. दोघांच्या मध्ये ऑक्सिजन असतो. ३+ आयनाकडचा जादा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवर येतो आणि त्याच क्षणी ऑक्सिजनचा एक इलेक्ट्रॉन ४+ आयनाकडे जातो. या उडीत स्पिनची दिशा बदलत नाही. आयनाच्या आतले इलेक्ट्रॉन आपल्याच दिशेचा पाहुणा आत घेतात, म्हणून दोन्ही आयनांचे स्पिन समांतर असतील तर उडी सोपी, विरुद्ध असतील तर जवळपास बंद. वाहकता आणि चुंबकत्व एकाच यंत्रणेतून येतात, ते असे. 'डबल एक्स्चेंज' हे तिचं नाव.

१९५५ हे वर्ष या विषयात फार दाट आहे. ओक रिज इथे वोलन आणि कोलर यांनी न्यूट्रॉन विवर्तनाने (स्फटिकातून विखुरणाऱ्या न्यूट्रॉनांच्या नक्षीवरून) कॅल्शियमच्या प्रत्येक प्रमाणाला स्पिनची मांडणी कशी असते, ते तपासलं. त्या मांडण्यांना त्यांनी दिलेली ए, सी, जी ही अक्षरं आजही वापरली जातात. त्याच वर्षी अँडरसन आणि हासेगावा यांनी झेनरच्या कल्पनेला गणिती रूप दिलं. जॉन गुडइनफ यांनी (हो, लिथियम बॅटरीमुळे पुढे नोबेल मिळालेले तेच) बंधांची दिशा आणि स्फटिकाची विकृती यांवरून त्या मांडण्यांचा अर्थ लावला. पण झेनरचं चित्र इतकं सुटसुटीत होतं, की जालाच्या (स्फटिकातल्या अणूंच्या नियमित रचनेच्या) विकृतीकडे कित्येक वर्षं बहुतेकांनी दुय्यम बाब म्हणून पाहिलं. माझ्या मते या कथेतली खरी चूक तीच.

मग बराच काळ शांतता. १९८६ नंतर ताम्र-ऑक्साइड अतिवाहकांमुळे ऑक्साइडच्या पातळ फिल्म बनवण्याचं तंत्र झपाट्याने सुधारलं आणि ते आयतंच मँगनाइटच्या हाती आलं. १९९३ मध्ये सीमेन्सच्या फोन हेल्मोल्ट आणि सहकाऱ्यांनी बेरियम असलेल्या फिल्ममध्ये खोलीच्या तापमानालाही चुंबकक्षेत्राने रोध ठळकपणे कमी झालेला दाखवला. १९९४ मध्ये बेल लॅब्समधल्या जिन आणि सहकाऱ्यांनी कॅल्शियमवाल्या फिल्ममध्ये ७७ केल्विनला, ६ टेस्ला क्षेत्रात, रोधातल्या बदलासाठी १,२७,००० टक्के हा आकडा दिला. आकड्याने दिपून जाण्याआधी व्याख्या पाहावी: रोधातली घट क्षेत्रात उरलेल्या रोधाने भागली आहे. मूळ रोधाने भागली तर ती कधीच शंभर टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही.

या गदारोळात १९९५ मध्ये मिलिस, लिटलवुड आणि श्राइमन यांनी हिशेब मांडला, की नुसत्या डबल एक्स्चेंजने रोधातला इतका मोठा बदल निघत नाही. ३+ आयनाभोवतीचा ऑक्सिजनचा अष्टफलक यान-टेलर परिणामामुळे (ऊर्जा कमी करण्यासाठी रचना आपणहून विकृत होते, त्यामुळे) ताणला जातो आणि इलेक्ट्रॉन त्या विकृतीत अडकतो. क्यूरी तापमानाच्या (ज्याच्या खाली पदार्थ फेरोमॅग्नेट होतो, त्या तापमानाच्या) वर तो अडकलेलाच राहतो, खाली सुटतो. गुडइनफ यांच्या काळात बाजूला पडलेलं जाल असं पुन्हा मध्यभागी आलं. पुढे १९९९ मध्ये उएहारा आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकाच नमुन्यात धातू आणि रोधक प्रदेश शेजारी शेजारी असल्याचं दाखवलं.

संक्रमण कोणत्या कोटीचं, हा प्रश्नही जालापाशीच येतो. कॅल्शियमवाल्या मँगनाइटमध्ये मँगनीज-ऑक्सिजन-मँगनीज कोन जास्त वाकलेला असतो आणि संक्रमण पहिल्या कोटीचं, म्हणजे आकारमानाच्या अचानक बदलासह होतं. कॅल्शियमऐवजी मोठा स्ट्रॉन्शियम घातला, की कोन सरळ होतो, क्यूरी तापमान सुमारे ३७० केल्विनपर्यंत चढतं आणि संक्रमण दुसऱ्या कोटीचं, म्हणजे सलग होतं. हे ओळखायला बहुतेक जण बॅनर्जी यांनी १९६४ मध्ये दिलेला निकष लावतात: क्षेत्र भागिले चुंबकन (पदार्थ किती चुंबकित झाला ते माप) हे चुंबकनाच्या वर्गासमोर मांडायचं, रेषांचा उतार कुठे ऋण झाला तर पहिली कोटी. चुंबकीय शीतकरणासाठी (चुंबकक्षेत्र बदलून थंडावा मिळवण्यासाठी) मँगनाइट शोधणाऱ्यांचा पेच इथूनच सुरू होतो, कारण पहिल्या कोटीत एंट्रॉपीची (अव्यवस्थेच्या मापाची) उडी मोठी मिळते, पण तापमानाच्या अरुंद पट्ट्यातच, आणि सोबत हिस्टेरिसिस येतो, म्हणजे जाताना आणि परत येताना बदल वेगवेगळ्या ठिकाणी होतो.