हातघाईचा योद्धा (टेबलटॉप भूमिकाखेळ)

टेबलाभोवती बसून, फासे टाकत, तोंडाने गोष्ट रचत खेळायच्या काल्पनिक भूमिकाखेळातले, शत्रूशी थेट भिडून लढणारे पात्र. तलवार, भाला, परशू, गदा किंवा नुसते हात, जे काही असेल त्याने हाताच्या टप्प्यातल्या शत्रूशी लढणे हे त्याचे काम. धनुर्धर आणि जादूगार मागून मारा करतात, हा पुढे उभा राहतो. असे पात्र कसे बनवावे, म्हणजे त्याचे आकडे, हत्यार, चिलखत आणि कसब कसे निवडावे, याची ही नोंद आहे. नियम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे (२०१४) धरले आहेत; २०२४च्या सुधारित नियमांतला फरक महत्त्वाचा असेल तिथे सांगितला आहे. उदाहरणे सातारा-सांगलीकडची आहेत. इकडच्या खेळाडूला ‘किल्ला’ म्हटले की युरोपातला कॅसल दिसत नाही, अजिंक्यतारा दिसतो.

या पात्राचे मूळ युद्धखेळांत आहे. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांची ‘चेनमेल’ ही छोट्या बाहुल्यांनी मध्ययुगीन लढाया खेळण्याची नियमावली १९७१ मध्ये निघाली. पुढे गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स प्रसिद्ध केला. त्यात पात्रांचे प्रकार तीनच होते : लढवय्या, जादूगार आणि पुरोहित. १९७८च्या खेळाडू-पुस्तिकेत लढवय्या वर्गाला एक मान होता. ताकद १८ आली तर त्यांनाच शंभराचे फासे टाकून आणखी ताकद मिळवता येई. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘फीट’ नावाची कसबे आली आणि लढवय्याला वीस पातळ्यांत (पातळी म्हणजे अनुभवाने पात्र चढते ती पायरी) अकरा फीट जादा मिळू लागले. ऐकायला छान, पण एकेक मोठे फीट मिळवायला आधी चार लहान घ्यावी लागत आणि पहिल्याच दिवशी पुढच्या दहा पातळ्यांचा हिशेब मांडून बसावे लागे. २००८च्या चौथ्या आवृत्तीला अनेकांनी नावे ठेवली. पण लढवय्याचे खरे काम नियमात पहिल्यांदा तिनेच लिहिले : त्याने ज्याच्यावर वार केला त्या शत्रूने दुसऱ्या कुणावर हल्ला केला, तर शत्रूच्या फाशातून दोन वजा. आपल्याकडे लक्ष वेधून घेणे आणि मागच्यांना मोकळे ठेवणे, हेच ते काम. पाचव्या आवृत्तीने हा नियम काढला आणि ते काम खेळाडूच्या अकलेवर सोडले.

आकडे. पात्राला सहा गुण असतात : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. फासे टाकायचे नसतील तर १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरीव आकडे वाटून घ्यायचे. १० किंवा ११ला शून्य, त्यापुढे दर दोनाला एक अशी भर फाशात मिळते. माणूस जातीच्या पात्राला २०१४च्या नियमांनुसार प्रत्येक गुणात एक वाढ मिळते. १५ ताकदीत, १४ काटकपणात, एवढे कुणीही सांगेल. वाद १३वर होतो. बहुतेक जण तो चपळाईत टाकतात, पण साखळीचे जड चिलखत घालणाराला चपळाईचा एसीसाठी काडीचा उपयोग नाही. (एसी म्हणजे अंगावर वार बसायला शत्रूला हवा तो आकडा.) १३ शहाणपणात टाकावा, वाढीनंतर तो १४ होतो. कारण योद्धा तलवारीने सहसा मरत नाही. जादूगाराच्या एका मंत्राने जागच्या जागी खिळतो आणि मग मरतो. ‘होल्ड पर्सन’ लागला की जवळून बसलेला प्रत्येक वार आपोआप दुप्पट फाशांचा होतो, आणि त्यातून सुटायचा फासा शहाणपणाचा असतो.

या वाटपाने पहिल्या पातळीच्या लढवय्याची ताकद १६ (भर +३), काटकपणा १५ (भर +२) आणि एचपी, म्हणजे जीव, १२ होतात. हल्ल्याच्या फाशात कसबाचे (फीटचे नव्हे, प्रॉफिशियन्सीचे) दोन धरून +५ मिळतात.

हत्यारे आणि पैसा. मराठा फौजेत बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, शिलेदार आपले आपण घेऊन येई. खेळातही हे दोन्ही रस्ते आहेत. बारगीर व्हायचे तर पुस्तिकेतले तयार सामान घ्यावे. शिलेदार व्हायचे तर पाच चौपैलू फाशांची बेरीज दहापट करून तितकी सोन्याची नाणी घ्यावीत, सरासरी १२५. साखळी-चिलखत ७५ला, ढाल १०ला, लांब तलवार १५ला. २५ हातात राहतात. त्याऐवजी ५०ची दुहाती तलवार घेतली की चिलखतासह बरोबर १२५ होतात आणि रात्रीच्या जेवणाला दमडी उरत नाही. पूर्ण पोलादी चिलखत १,५०० नाण्यांचे. त्याचा विचार पहिल्या पातळीला करूच नये.

पट्टा, धोप, विटा ही हत्यारे पुस्तिकेत नाहीत, आणि त्यांच्यासाठी नवे नियम रचत बसण्याची गरजही नाही. धोपेला लांब तलवारीचे आकडे द्यावेत, पट्ट्याला रेपियरचे, म्हणजे भोसकायच्या सडपातळ तलवारीचे. नाव आणि वर्णन आपले ठेवावे. जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात वाघनखे पाहून आलेला एखादा पोरगा तीच मागणार. द्यावीत, पण खंजिराच्या चौपैलू फाशाने. खेळात वाघनखांची खरी ताकद लपवता येण्यात आहे, त्यामुळे डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) इजा वाढवण्यापेक्षा झडतीचा फासा सोपा करावा.

ढाल की दुहाती तलवार, हा नव्या खेळाडूचा पहिला प्रश्न असतो आणि दहातले आठ जण दुहाती तलवारीवर बोट ठेवतात. पावनखिंडीची गोष्ट ऐकत वाढलेल्याला जागेचे मोल वेगळे सांगायला लागू नये, पण पात्र बनवायला बसले की ती गोष्ट नेमकी विसरली जाते. म्हणून आकडेच मांडलेले बरे.

समोर तीन गॉब्लिन, म्हणजे बुटके दुष्ट प्राणी, आहेत. प्रत्येकाचे एचपी ७, एसी १५, हल्ला +४, आणि वार बसला तर सहापैलू फासा अधिक दोन एवढी इजा. दुहाती तलवारवाल्याचा एसी १६, म्हणजे गॉब्लिनला वीसपैलू फाशावर १२ किंवा वर हवेत. शंभरात पंचेचाळीस वेळा वार बसतो. ढालीचे दोन, आणि ‘डिफेन्स’ ही लढायची शैली घेतली तर तिचा एक, असे मिळून ढालवाल्याचा एसी १९. गॉब्लिनला १५ हवेत, शंभरात तीस वेळा. तिघांनी मोकळ्यावर घेरले तर दुहाती तलवारवाला एका फेरीत सरासरी ८ एचपी गमावतो आणि दुसऱ्या फेरीत आडवा होतो. ढालवाला साडेपाच गमावतो, तो फारतर तिसऱ्या फेरीपर्यंत टिकतो. फरक आहे, पण जीव वाचेल एवढा नाही.

आता हीच लढाई किल्ल्याच्या महादरवाजात लावा. मोठी फळी बंद आहे आणि तिच्यातली दिंडी तेवढी उघडी, एका माणसाने वाकून आत शिरावे एवढी. आलेख कागदावर ती एकच चौकट, पाच फुटांची. योद्धा तिच्यात उभा राहिला की समोरून एकच गॉब्लिन भिडू शकतो. शत्रूने व्यापलेल्या चौकटीतून पलीकडे जाता येत नाही, असा नियम आहे. (आकारात दोन पायऱ्यांचा फरक असेल तर जाता येते, पण गॉब्लिन फक्त एक पायरी लहान.) मोकळ्या मैदानात गॉब्लिन अंगभूत चपळाईने निसटतो आणि मागच्या जादूगाराच्या मानेवर बसतो. निसटणाऱ्यावर फुकटचा वार करायची संधीसुद्धा तो देत नाही. दिंडीत त्याची ही सगळी चलाखी वाया जाते. दुहाती तलवारवाला इथे साडेचार फेऱ्या टिकतो, ढालवाला साडेसहा. ढालीने आणि शैलीने जगण्यात दीडपटीच्या आत वाढ दिली. उभे राहायच्या जागेने तिप्पट दिली.

साताऱ्याच्या टेबलावर हे अगदी साधेपणाने घडते. कागदावर पेनाने दरवाजा काढलेला असतो, गॉब्लिन म्हणून चिंचोके आणि योद्ध्याच्या जागी एखादी सोंगटी. डीएम विचारतो, “काय करणार?” आणि ज्याला हे कळले आहे तो सोंगटी दिंडीत सरकवून म्हणतो, “हितंच उभा ऱ्हातो. येऊ दे कोण येतंय.” गॉब्लिनकडे धनुष्येही असतात, हे डीएम विसरत नाही. पण पुढच्या सोबत्याच्या आडून मारलेल्या बाणासाठी योद्ध्याचा एसी दोनने वाढतो. १९चे २१ झाले की शंभरातले वीसच बाण लागतात.

मग दुहाती तलवार कधी घ्यावी? मोठ्या, जास्त एचपीच्या शत्रूंशी गाठ पडणार असेल तेव्हा. गॉब्लिनवर ती वाया जाते. दुहाती तलवारीचा बसलेला वार शंभरात ब्याण्णव वेळा गॉब्लिनला मारतो. एकहाती तलवारीला ‘ड्युएलिंग’ शैली जोडली तर तेच प्रमाण साडेसत्याऐंशी होते, आणि ढाल हातात राहते ती वेगळी. उरलेल्या साडेचार टक्क्यांसाठी दोन एसी सोडणे हा तोट्याचा व्यवहार आहे. ओगर किंवा ट्रोल आला की मात्र जास्तीची इजा कुठेच सांडत नाही. तिथे दुहातीच बरी.

लांब दांड्याच्या हत्यारांचा टप्पा दहा फूट. ते हत्यार घेतलेला सोबती दिंडीतल्या ढालवाल्याच्या मागच्या चौकटीतूनही वार करू शकतो. ‘पोलआर्म मास्टर’ आणि ‘सेंटिनेल’ ही दोन फीट जोडीने घेतली की टप्प्यात शिरणाऱ्या शत्रूवर वार होतो आणि तो बसला तर शत्रू तिथेच थांबतो. २०२४च्या नियमांत प्रत्येक हत्याराला एक खुबी आली. वॉरहॅमरची (लढाईच्या हातोड्याची) खुबी शत्रूला दहा फूट मागे ढकलण्याची. सह्याद्रीतल्या लढाईत डीएमने कडा जवळ ठेवला असेल तर ही सगळ्यांत घातक खुबी ठरते, कारण दर दहा फुटांच्या पडण्याला एक सहापैलू फासा इजा होते. कडेलोटासाठी वेगळा नियम लागत नाही.

कुस्ती. सांगली जिल्ह्यातल्या खेळाडूला हा भाग सांगायलाच हवा. कुंडलचे मैदान आणि कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने यांचा हा मुलूख. पलीकडे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटातले कांस्यपदक मिळवणारे. तरी टेबलावर कुस्तीचा डाव टाकणारे पात्र क्वचितच दिसते. नियम सोपे आहेत. २०१४मध्ये धरणे आणि पाडणे हे दोन्ही ताकदीच्या ‘अॅथलेटिक्स’ फाशाने होते, शत्रू आपल्या फाशाने तोडतो. धरलेल्याची हालचाल शून्य होते. पडलेल्यावर जवळून वार करणाऱ्याला दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. उठायला हालचाल खर्चावी लागते आणि धरलेल्याकडे ती नसते, म्हणून धरून पाडलेला शत्रू पडूनच राहतो. पाचव्या पातळीला दोन वार मिळतात : एकात धरावे, दुसऱ्यात पाडावे, आणि पुढची सगळी फेरी सोबत्यांची. त्यासाठी एक हात रिकामा लागतो. ढाल आणि तलवार दोन्ही धरून कुस्ती होत नाही. प्रतिस्पर्धी आपल्यापेक्षा एकाच पायरीने मोठा चालतो, त्याहून मोठा नाही. पूर्ण वाढलेल्या ड्रॅगनला धोबीपछाड मारायची हौस त्यामुळे अपुरी राहते. २०२४मध्ये दोघांच्या फाशांची ही झुंज गेली. शत्रू ताकद किंवा चपळाईच्या फाशाने सुटू पाहतो आणि त्याला गाठायचा आकडा आठ, अधिक आपली ताकदीची भर, अधिक कसब, असा ठरतो.

इतर वर्गांबद्दल थोडक्यात. बार्बेरियनला एचपीसाठी बारापैलू फासा आहे आणि संतापात असताना तलवार, भाला, गदा यांची इजा निम्मी होते. विचार करायचा कंटाळा असलेल्यांना तो मानवतो. पॅलाडिन वार बसल्यावर मंत्रशक्ती खर्चून जादा इजा करतो आणि हात लावून जखमाही भरतो. माँक बिनाचिलखत, बिनहत्यार लढतो, पण कमी एचपीमुळे दिंडीत टिकत नाही.

पात्राचा स्वभाव हा आकड्यांइतकाच बांधणीचा भाग आहे. भोसऱ्याच्या प्रतापराव गुजरांनी २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ सहा सरदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर झेप घेतली, ही कथा साताऱ्यात सगळ्यांना पाठ असते आणि पात्राचा स्वभाव लिहिताना ती पेनात उतरते. लिहायला हरकत नाही. मात्र अशा पात्राला शेजारी कोणी तरी थोपवणारा हवा, आणि ते काम दुसऱ्या खेळाडूशी आधी बोलून ठरवावे, नाहीतर पहिल्याच सत्रात सगळी टोळी त्याच्यामागे मोकळ्या मैदानात ओढली जाते. प्रतापरावांच्या मागून सरसेनापती झालेले तळबीडचे हंबीरराव मोहिते हा दुसरा नमुना : फौज राखून लढणारा. टेबलावर तो कमी चमकतो आणि जास्त टिकतो.

पुढच्या पातळ्या. दुसऱ्या पातळीला ‘अॅक्शन सर्ज’, म्हणजे एकाच पाळीत दोनदा कृती. तिसऱ्याला उपवर्ग : नवख्याने ‘चॅम्पियन’ घ्यावा, डावपेचांची आवड असेल त्याने ‘बॅटल मास्टर’. पाचव्याला दुसरा वार, अकराव्याला तिसरा. नवव्या पातळीला ‘इंडॉमिटेबल’ मिळते. मंत्रातून सुटायचा हुकलेला फासा त्याने पुन्हा टाकता येतो, आणि शहाणपणात ठेवलेले १४ तेव्हा दुसऱ्यांदा उपयोगी पडतात.

पुस्तके महाग वाटत असतील तर पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. तो फुकट वाचता येतो, मराठीत उतरवून वाटताही येतो. उपवर्ग त्यात प्रत्येक वर्गाचा एकच आहे, लढवय्यासाठी ‘चॅम्पियन’. सामान भरताना चार-पाच फेकायचे भाले मात्र विसरू नयेत. ते तीस फुटांपर्यंत नीट जातात, त्यापुढे एकशे वीसपर्यंत अडचणीने. पुढे कधीतरी उडणारा शत्रू येतो, आणि कितीही चांगली तलवार असली तरी ती वर पोचत नाही.