बोर्ड जळाला, दुखणं मोटरचं होतं

मिनी लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापणाऱ्या छोट्या यंत्रावर, पंचवीस मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा दांडा पार्टिंग टूलने (तोडायच्या पातळ पात्याने) तोडत होतो. टूल निम्म्यावर गेलं आणि अडकलं. दांडा धरून फिरवणारा चक जागीच थांबला, मोटर नुसती गुरगुरत राहिली. लाल बटण दाबेपर्यंत दोन सेकंद गेले असतील. झाकण उघडलं तर जळका वास, आणि मोटरचा वेग सांभाळणाऱ्या बोर्डावरच्या मॉस्फेट नावाच्या भागाला सरळ तडा. नवा बोर्ड मागवून बसवला. दुसऱ्याच दिवशी तोही गेला.

एक बोर्ड जळणं हा अपघात असू शकतो. दोन जळले की मोटर उघडायलाच हवी. हे मला उशिरा कळलं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

टेबलावर मावणाऱ्या या चाळीसेक किलोच्या लेथमध्ये बहुधा कायम चुंबकाची डीसी मोटर असते. घरातली एसी वीज बोर्डावर आधी डीसी होते. मग मॉस्फेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच तिला सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. चालूचा वेळ जास्त ठेवला की मोटरला सरासरी दाब (व्होल्टेज) जास्त मिळतो आणि चक जोरात फिरतो. वेगाची गुंडी फिरवताना आपण हेच प्रमाण बदलत असतो.

आता मोटरकडे. ती फिरू लागली की त्याच वेळी डायनॅमोचंही काम करते. चुंबकाच्या क्षेत्रात तारेची वेटोळी फिरतात, त्यांच्यात वीज निर्माण होते आणि ती बाहेरून आलेल्या विजेला विरोध करते. याला बॅक ईएमएफ म्हणतात. मी उलटा दाब म्हणेन. फॅरडेने विद्युतचुंबकीय प्रवर्तन दाखवलं १८३१ मध्ये, आणि हा विरोध कोणत्या दिशेने होतो याचा नियम लेंझने मांडला १८३४ मध्ये.

समजा मोटरला १८० व्होल्ट दिलेत आणि तिच्या वेटोळ्यांचा रोध १० ओहम आहे. मोटर नीट फिरत असताना उलटा दाब १६० व्होल्ट असेल, तर उरले २० व्होल्ट आणि प्रवाह २ अँपियर. आता चक अडकवा. वेग शून्य, म्हणून उलटा दाबही शून्य. पूर्ण १८० व्होल्ट त्या १० ओहमवर येतात आणि प्रवाह होतो १८ अँपियर. वेटोळ्यांतली उष्णता ४० वॉटवरून ३२४० वॉटवर जाते. खोली तापवणारे दोन मोठे हीटर मुठीएवढ्या आर्मेचरमध्ये, म्हणजे वेटोळी गुंडाळलेल्या फिरत्या भागात, कोंबल्यासारखं आहे हे. बोर्डावर प्रवाहाची मर्यादा ठेवणारी सोय असते, पण ती नीट लावलेली नसेल तर मॉस्फेट आधी जातो.

चालत्या चकला एकदम उलट दिशा दिली तर याहून वाईट. उलटा दाब तेव्हा विरोध सोडून पुरवठ्यात मिळतो: १८० अधिक १६०, म्हणजे ३४० व्होल्ट. म्हणून चक पूर्ण थांबल्याशिवाय दिशेच्या स्विचला हात लावायचा नाही.

उलटा दाब हाताला जाणवतो, तो अनुभव जरूर घ्या. प्लग काढा, थोडं थांबा, मोटरच्या दोन्ही तारा बोर्डापासून सोडवा. मीटर लावून चक हाताने गरकन फिरवला की काही व्होल्ट दिसतात. मग त्या दोन तारा एकमेकींना जोडा आणि पुन्हा फिरवा. चक जड लागतो, जणू कुणी तेलाऐवजी काकवी ओतली आहे. वीज बंद, यंत्र तेच, बदलली फक्त तारांची जोडणी. माझ्या पुतणीने हे करून पाहिलं तेव्हा तिने चक सोडून तारांकडेच बघितलं.

माझ्या मोटरमध्ये दोष सापडला तो कार्बनमध्ये. मिक्सरचे संपतात तेच हे कार्बन, म्हणजे कार्बन ब्रश. सुरुवातीच्या यंत्रांत तांब्याच्या तारांचे खरेच ब्रश असत, म्हणून नाव ब्रश पडलं. कार्बन वापरायची कल्पना जॉर्ज फोर्ब्सची, १८८५ ची. माझे झिजून तिरके झाले होते, आणि त्यांची काळी पूड कम्युटेटरच्या, म्हणजे कार्बनकडून वीज घेऊन वेटोळ्यांना देणाऱ्या फिरत्या कड्याच्या, पट्ट्यांमधल्या खाचांत गच्च बसली होती. ही पूड वीज वाहते. शेजारच्या पट्ट्या तिने जोडल्या गेल्या की काही वेटोळी शॉर्ट होतात. ती उलटा दाब द्यायचं सोडून स्वतःच तापत बसतात, आणि मोटर सगळा वेळ जास्त प्रवाह ओढते. अशा मोटरपुढे नवा बोर्ड किती टिकणार?

खाचा मी बांबूच्या काडीला धार करून साफ केल्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक तांब्यापेक्षा किंचित खाली हवा, नाहीतर कार्बन त्यावर उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात. तांबं बारीक पॉलिश पेपरने उजळायचं. एमरी नको, तिचे कण रुतून बसतात. मग मीटरने लागोपाठच्या दोन-दोन पट्ट्या मोजल्या. सगळे आकडे जवळपास सारखे आले. पट्टी ते आर्मेचरचा दांडा हे माप मात्र पूर्ण तुटलेलं, म्हणजे वीज अजिबात न जाणारं, दिसायला हवं. नवे कार्बन घालून मोटर नुसत्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर फिरवली. संथ, पण न अडखळता फिरली.

बोर्डाबद्दल दोन गोष्टी. त्यावरच्या कॅपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. मीटरने शून्य बघितल्याशिवाय बोट लावू नका. आणि बहुतेक बोर्डांत वेगाच्या गुंडीच्या तारांनाही मेनची वीज असते. मॉस्फेट जातो तो बहुधा शॉर्ट होऊन, म्हणजे स्विच कायमचा चालू. मग गुंडी शून्यावर असूनही चक पूर्ण वेगाने सुटू शकतो. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना चकमध्ये काही धरलेलं नको, आणि चकची चावी तर नकोच.

म्हणून मी सिरीज बल्ब लावला: दोनशे वॉटचा जुना तारेचा बल्ब, लेथकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत. कुठे शॉर्ट राहिलं असेल तर बल्ब लखलखीत पेटतो आणि बोर्ड वाचतो. प्लग लावला. कॅपॅसिटर भरताना बल्ब क्षणभर चमकून विझला. गुंडी शून्याला टेकवून हळूच पुढे सरकवली. आधी शून्यावर नेल्याशिवाय यातले बरेच लेथ सुरूच होत नाहीत. बल्ब तांबूस पेटला, चक हलला, आणि चकने वेग घेतला तसतसा बल्ब मंदावत गेला. मग नायलॉनच्या दांड्यावर अगदी हलका कट घेतला. टूल टेकलं की बल्ब उजळे, मागे घेतलं की पुन्हा मंदावे.