दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये टाके घालायची अवजारं

पोट न फाडता, पाच ते बारा मिलिमीटरच्या तीन-चार भोकांतून लांब दांड्याची अवजारं आत घालायची आणि टीव्हीच्या पडद्यावर बघत आतल्या मऊ भागांना, म्हणजे आतडं, गर्भाशय, पोटाचं आतलं अस्तर यांना टाके मारायचे, त्यासाठी जी अवजारं लागतात त्यांची ही नोंद. खरं अवजार एकच, लांब नीडल होल्डर, म्हणजे सुई धरायचा चिमटा. बाकीचे त्याचे मदतनीस, नाहीतर त्याची कटकट नको म्हणून काढलेल्या पळवाटा.

विदर्भात खेड्यापाड्यात या ऑपरेशनला 'दुर्बिणीचं' म्हणतात आणि बरेच लोक त्यालाच 'बिनटाक्याचं' पण म्हणतात. माझ्या मते हा गोंधळ कुटुंब नियोजनाच्या कॅम्पांमुळे वाढला, कारण तिथे दुर्बिणीतून बाईच्या नळीवर सिलिकॉनची बारीकशी रिंग चढवतात, आत टाका पडतच नाही, बाहेर पडला तर एखादा. पण गर्भाची पिशवी काढली, हर्निया केला, अल्सर फुटून जठराला भोक पडलेलं बुजवलं, तर आत चांगले टाके असतात आणि पेशंटला ते पटत नाही. तालुक्याच्या गावात ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, अवजारांचा ट्रे लावायचं काम करताना हा प्रश्न मी कितीदा ऐकलाय, "टाके तं कुठी दिसून नाही राह्यले जी, मंग वजन काहून नाही उचलाचं?" आणि हे विचारणाऱ्या मावशीचं सगळं लक्ष कापूस वेचणीकडे लागलेलं असतं.

तर नीडल होल्डर. दांडा ५ मिलिमीटर जाड, साधारण ३३ सेंटिमीटर लांब, पुढे चिमणीच्या चोचीएवढा जबडा, त्यातला बहुतेक वेळा एकच भाग हलतो, दुसरा पक्का. जबड्याच्या आत टंगस्टन कार्बाइडची पट्टी बसवलेली असते, तिच्यावर कानशीसारख्या बारीक रेघा, कारण साध्या स्टीलवर गोल सुई घसरते आणि थोड्या दिवसांत पट्टी गुळगुळीत होऊन बसते. मूठ ग्रास्परसारखी, म्हणजे आतले भाग पकडायच्या चिमट्यासारखी, पिस्तुलाच्या आकाराची नसते, दांड्याच्या सरळ रेषेत असते, म्हणजे तळहातात धरून मनगटाने गोल फिरवता येते, कारण टाका घालणं म्हणजे शेवटी सुई गोल फिरवणंच. मुठीत रॅचेट असतं, दाबलं की 'खट्' होतं आणि सुई घट्ट बसते. हे रॅचेट झिजलं की अवजार संपलं समजा, ऐन वेळी सुई जबड्यात कलंडते आणि सर्जन ट्रे लावणाऱ्यावर डोळे काढतो.

सुई टोकापासून साधारण दोन तृतीयांशावर, जबड्याला काटकोनात धरायची असते. बाहेर हे सोपं, आत मात्र डाव्या हातातल्या चिमट्याने दोरा हळूच ओढून सुई उभी करावी लागते आणि नवशिक्याची पंधरा मिनिटं यातच जातात. त्यासाठी घुमटी आकाराच्या जबड्याचे होल्डर निघाले, त्यात सुई कशीही पकडली तरी आपोआप काटकोनात उभी राहते. जुने हात त्याला नाकं मुरडतात, कारण तिरपी सुई हवी असेल तेव्हा ते ऐकत नाही. सुई पोटात न्यायची ती पण सरळ सुईला धरून नाही, सुईच्या मागे दोन-तीन सेंटिमीटरवर दोरा पकडायचा आणि १० मिलिमीटरच्या पोर्टमधून, म्हणजे भोकात बसवलेल्या नळीतून, तिला मागून फरफटत न्यायचं. पाचच्या पोर्टमधून मोठी अर्धगोल सुई जात नाही.

अवघड का, तर चामडीतलं भोक हाच टेकू. हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं, हात वर की टोक खाली, त्यात पडदा सपाट, खोली कळत नाही आणि सरळ दांड्याला मनगट नाही. दा विंची रोबोटच्या अवजाराला पुढे मनगटासारखा सांधा असतो, सात प्रकारे हलतं, पण तालुक्यात रोबोट कुठून आणायचा.

गाठीचे दोन प्रकार. आत मारायची गाठ असेल तर दोरा १२ ते १५ सेंटिमीटरच ठेवतात, जास्त ठेवला की आत गुंता होतो. लांब टोकाचा इंग्रजी 'सी' करायचा, त्यावर होल्डरचे दोन वेढे, आखूड शेपटी पकडून ओढायची, मग उलट दिशेने एक वेढा, मग पुन्हा एक. बाहेर मारायच्या गाठीला दोरा चांगला लांब लागतो, बाहेर सरकफास बांधून तो नॉट पुशर नावाच्या काठीने आत ढकलत नेतात. यातली रोडरची गाठ जास्त चालते, मूळची लहान मुलांच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनातली. जर्मनीतल्या कील शहरातले स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट सेम यांनी ती दुर्बिणीच्या कामात आणली, १९८० मध्ये त्यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं तेव्हा त्यांच्याच देशातले सर्जन त्यांच्यावर खवळले होते. आज तयार फास 'एंडोलूप' नावाने मिळतो आणि अपेंडिक्सच्या बुडाशी आवळतात. आपल्याकडचे बरेच डॉक्टर साध्या व्हिक्रिलच्या, म्हणजे विरघळणाऱ्या, दोऱ्याचा फास ट्रेवरच हाताने बनवतात, काम तेच आणि पैसे वाचतात.

हात बसायला सराव पाहिजे. बंद खोक्यात मोबाईल नाहीतर वेबकॅम लावून, वरून दोन भोकं पाडून डॉक्टर लोक शिकतात, आणि आमच्या भागात संत्र्याची कमी नाही, त्यामुळे सालीवर टाके मारायचे. साल फाटली म्हणजे ओढ जास्त, रस गळला म्हणजे सुई खोल गेली. महागड्या सिम्युलेटरपेक्षा मला हा हिशोब जास्त पटतो.

आता पळवाटा. पित्ताशयाच्या ऑपरेशनात, जे भारतात पहिल्यांदा १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहमटन उडवाडिया यांनी केलं, बहुतेक वेळा टाका लागतच नाही, नळी आणि रक्तवाहिनीवर टायटॅनियमच्या क्लिपा लावून मधून कापतात. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर भागात सिकलसेलचे पेशंट पुष्कळ, त्या आजारात रक्तपेशी फुटत राहतात म्हणून कमी वयातच पित्ताचे खडे होतात, त्यामुळे क्लिप अप्लायर इथे ओळखीचा. स्टेपलर म्हणजे पुढची पायरी, १२ मिलिमीटरच्या पोर्टमधून जातो, एका दाबात पिनांच्या सहा रांगा मारून मधून कापतो, आतड्याला फार छान, पण दर वेळी पिनांचं नवीन कार्ट्रिज लागतं. एंडोस्टिच नावाच्या अवजारात दोन जबड्यांमध्ये दोन्हीकडून टोकदार बारकी सुई असते, मुठीवरचा खटका दाबला की शिलाई मशीनच्या शटलसारखी इकडून तिकडे जाते, सुई धरायची-सोडायची भानगडच नाही. वापरून फेकायचं असतं, म्हणून छोट्या दवाखान्यात फारसं कोणी मागवत नाही.

काटेरी दोरा मात्र पैसे वसूल करतो. त्याच्या अंगावर एकाच दिशेने कापलेले बारीक काटे असतात. गवताचं कुसळ धोतरात शिरतं, पुढे पुढे जातं पण उलटं ओढलं तर निघत नाही, तसंच. गाठ मारायची गरज नाही, गर्भाशयाची गाठ काढल्यावर ती जागा किंवा गर्भाची पिशवी काढल्यावर योनीचं वरचं तोंड शिवायला भराभर काम होतं. फक्त शेवटचं टोक लांब सोडलं तर त्याच काट्यांना आतडं अडकून बंद पडल्याच्या केसेस झाल्यात, म्हणून टोक एकदम बुडाशी कापतात.

सुईचा हिशोब ही ट्रेवाल्याची जबाबदारी. किती आत गेल्या, किती बाहेर आल्या, मोठ्याने बोलून मोजायचं. एकदा एका ठिकाणी एक सुई कमी भरली, सगळं पोट धुंडाळून झालं, एक्सरेची मशीन आत ढकलत आणली आणि शेवटी सुई निघाली पोर्टच्या रबरी पडद्यात अडकलेली. पाऊण तास कोणी कोणाशी बोललं नव्हतं.

शेवटी भोकं बंद करायची. मोठ्या माणसात पाचची भोकं बहुतेक वेळा नुसती चामडीला टाका घालून सोडतात, पण दहा आणि त्यावरच्या भोकाचा पोटाचा पक्का थर शिवला नाही तर तिथेच हर्निया येतो, बेंबीजवळ जास्त. त्यासाठी पोर्ट क्लोजरच्या सुया मिळतात, आणि भरपूर ठिकाणी त्याऐवजी वापरतात ती कॉब्लर नीडल, म्हणजे बस स्टँडवर चप्पल शिवणाऱ्याच्या हातातली आरीच, फक्त स्टीलची. दोरा अडकवून एका बाजूने खुपसायची, आत सोडायचा, दुसऱ्या बाजूने खुपसून तोच दोरा धरून वर ओढायचा.

ही अवजारं धुणं हे वेगळंच प्रकरण आहे. जबड्याच्या सांध्यात आणि दांड्याच्या पोकळीत रक्त सुकून बसतं, ते उघडून ब्रशने काढावं लागतं, न उघडणारं स्वस्त अवजार घेऊन लोक इथेच फसतात. एका दिवसात चार केस आणि सेट एकच असला की अवजारं ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकात बुडवून, वरून साध्या पाण्याने खळबळून पुढच्या केसला देतात, आणि त्या पाण्यातूनच टीबीच्या जातकुळीतले पण वेगळे जंतू भोकात शिरतात. पेशंट बरा होऊन घरी जातो, तीन-चार आठवड्यांनी बेंबीपाशी गाठ येते, पाणी यायला लागतं, साध्या अँटिबायोटिकला दाद देत नाही आणि औषध कित्येक महिने चालतं. नीडल होल्डर सगळा धातूचा असतो, त्याला ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालची वाफ, चालतो, १२१ डिग्रीला पंधरा-वीस मिनिटं, त्यामुळे त्याच्या बाबतीत तरी बुडवाबुडवीला काही कारण नाही, दोन सेट ठेवले की झालं.