इलेक्ट्रॉनिक हिशेब-अभिलेखांचे जतन

कंपन्यांनी संगणकीय रूपात ठेवलेल्या हिशेबाच्या वह्या व व्हाउचर ठरावीक मुदतीपर्यंत आणि तपासणीस उपलब्ध होतील असे राखण्याचे कायदेशीर बंधन. भारतात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार ही मुदत लगतच्या मागील आठ आर्थिक वर्षांची आहे. कंपनीची चौकशी चालू असल्यास केंद्र सरकार ती वाढवू शकते.

या बंधनाचा उगम १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टपर्यंत मागे नेता येईल. मात्र तो कायदा बँकेच्या वहीची प्रमाणित नक्कल पुरावा म्हणून स्वीकारण्यापुरता आहे, वही किती काळ ठेवावी हे तो सांगत नाही. त्यामुळे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ७ आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक. नोंद पुढे वापरता यावी, तिचे मूळ स्वरूप टिकावे, आणि ती कोठून निघाली, कोठे व केव्हा पोहोचली हा तपशीलही सोबत राहावा, असे ते कलम सांगते. ई-मेल छापून फाइलला लावला की मजकूर उरतो, हा तपशील बराचसा गळतो.

कागदी रोजमेळातली खाडाखोड डोळ्यांना दिसते. संगणकात जुन्या रकमेवर नवी बसली की मागमूस राहत नाही. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, म्हणजे तिथल्या शेअर बाजार नियामकाने, १९९७ मध्ये शेअर दलालांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी पुसता न येणारे माध्यम सक्तीचे केले. बदलांचा पूर्ण माग (ऑडिट ट्रेल), म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, ठेवण्याचा पर्याय २०२२ मध्ये दिला. भारतातील कंपन्यांना मागाचाच नियम लागू आहे. तो २०२१ मध्ये अधिसूचित झाला आणि दोनदा पुढे ढकलून १ एप्रिल २०२३ पासून अमलात आला. व्हाउचरवरचे ४५,००० रुपये ५४,००० केले, तर तो बदल तारखेसह नोंदला गेला पाहिजे आणि ही नोंदयंत्रणा बंद करता येता कामा नये. बदल कोणी केला, हे नियमाच्या शब्दांत नाही. लेखापरीक्षक मात्र तेही तपासतात, आणि ते रास्तच आहे. पडद्यावरची नोंद न उघडता थेट डेटाबेसमध्ये केलेला फेरफार हा या व्यवस्थेतला कच्चा दुवा होय.

हिशेबाची राखीव प्रत भारतातील सर्व्हरवर रोज घ्यावी लागते. २०२२ पूर्वी ती ठरावीक कालांतराने घेतली तरी चालत असे.

शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्यांना सेबी या बाजार नियामकाच्या २०१५ च्या विनियमांनुसार कायम ठेवायचे आणि किमान आठ वर्षे ठेवायचे असे दस्तऐवजांचे दोन वर्ग करावे लागतात. मनी लाँडरिंग (काळा पैसा पांढरा करणे) प्रतिबंधक कायद्याखाली बँकांच्या व्यवहार-नोंदींची मुदत पाच वर्षे आहे. मूळ २००२ च्या कायद्यात ती दहा होती.