जंतू मारला, विष राहिलं: वासरांच्या न्यूमोनियामागचा इतिहास

गुरांचा घटसर्प आपल्या पशुपालकांना चांगला ठाऊक आहे. पावसाळ्याआधी त्याची लस टोचली जाते. माणसांच्या डिप्थीरियालाही मराठीत घटसर्पच म्हणतात. जंतू निराळे, नाव एक. यातल्या माणसांच्या घटसर्पाबाबत पॅरिसमध्ये एमिल रू आणि अलेक्झांड्र येरसँ यांनी १८८८ साली दाखवून दिलं, की जंतू वाढवलेलं द्रावण गाळून सगळे जंतू काढून टाकले तरी उरलेल्या निवळीने प्राणी मरतात. मारतं ते जंतूने सोडलेलं विष. दोनच वर्षांनी बेरिंग आणि कितासातो यांनी विषाविरुद्धची प्रतिकारशक्ती रक्तद्रवातून दुसऱ्या प्राण्याला देता येते, हे सिद्ध केलं.

हाच धडा गुरांच्या न्यूमोनियात गिरवायला नव्वदहून अधिक वर्षं गेली.

उत्तर अमेरिकेत आईपासून तोडलेली वासरं ट्रकमध्ये भरून दूरच्या फीडलॉटला, म्हणजे गुरं पोसून लठ्ठ करण्याच्या गोठ्यांना, नेली, की थोड्याच दिवसांत त्यातली काही ताप आणि धाप लागून आडवी पडत. ‘शिपिंग फीवर’ हे नाव त्यावरूनच पडलं. यातला मुख्य जंतू पाश्चुरेला हिमोलिटिका. १९९९ पासून त्याला मॅनहाइमिया हिमोलिटिका म्हणतात. निरोगी वासराच्या नाकात आणि टॉन्सिलमध्ये तो गुपचूप राहतो. प्रवास, गर्दी किंवा एखाद्या विषाणूने वासरू खचलं की फुप्फुसात उतरतो.

लस म्हणून मारलेले जंतू टोचत. त्याने आजार आटोक्यात आला नाही. उलट काही प्रयोगांत लस दिलेल्या वासरांची फुप्फुसंच जास्त बिघडलेली निघाली! ल्युकोटॉक्सिन नावाचं विष हा जंतू वाढीला लागलेला असताना बाहेर सोडतो, त्यामुळे धुऊन मारलेल्या जंतूंसोबत ते फारसं येतच नव्हतं. कॅनडात ग्वेल्फ इथे पॅट्रिशिया शेवेन आणि ब्रूस विल्की यांनी १९८२ मध्ये गुरांच्या पांढऱ्या पेशी मारणाऱ्या या विषाचं वर्णन केलं, आणि १९८८ मध्ये विष असलेल्या निवळीचीच लस करून वासरांना दिली. तिने संरक्षण मिळालं.

या विषाचा डाव मला फार क्रूर वाटतो. जंतूशी लढायला न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी फुप्फुसात धावून येतात, विषाने फुटतात आणि जंतूसाठी राखलेली त्यांची जहाल द्रव्यं फुप्फुसातच सांडतात. १९८५ च्या एका प्रयोगात वासरांच्या रक्तातले न्यूट्रोफिल आधीच कमी करून मग जंतू दिला, तर फुप्फुसांची हानी बरीच कमी झाली. नुसती पेशींची फौज वाढवून भागत नाही ते यामुळे. विषाला बांधून ठेवणारी प्रतिद्रव्यं लागतात.

गाय, मेंढी, शेळी यांच्याच पेशी या विषाला बळी का पडतात, याचं उत्तर पांढऱ्या पेशींवरच्या सीडी-१८ या प्रथिनात मिळालं. त्याच्या टोकाचा एक तुकडा इतर प्राण्यांत छाटला जातो, रवंथ करणाऱ्यांत तसाच राहतो, आणि विष तिथेच चिकटतं. २०१६ मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी जनुक-संपादनाने त्या तुकड्यातलं एकच अमिनो आम्ल बदललेला गायीचा गर्भ तयार केला. त्या गर्भाच्या पांढऱ्या पेशी ल्युकोटॉक्सिनने मेल्या नाहीत.