चेक म्हणा की शह, राजा तोच

२०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या इमारतीतली मुलं जिन्यात पट मांडून बसली आणि ‘चेक!’ म्हणून ओरडू लागली. एका आजोबांनी दटावलं, “इंग्रजी कशाला? आपला शह आहे ना!” मलाही शह प्रिय आहे. पण चेक आणि शह मुळात एकच शब्द आहेत! दोन्ही फारसी ‘शाह’ म्हणजे राजा, त्यातून आलेले.

इराणमधल्या बिसुतूनच्या कड्यावर सम्राट दारियसने इ.स.पू. ५२० च्या सुमारास लेख कोरवला. त्यात तो स्वतःला ‘ख्शायथिय ख्शायथियानाम्’ म्हणवतो, म्हणजे राजांचा राजा. त्यातलं ‘आनाम्’ ओळखीचं वाटलं ना? ‘देवानाम्’मधली षष्ठी ती हीच. प्राचीन फारसी संस्कृतची मुलगी नव्हे, बहीण. सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या असं सांगणारे संदेश मोबाईलवर फिरतात, त्यांना भाषाशास्त्रात काडीचा आधार नाही.

आता ‘ख्शायथिय’चा ‘शाह’ कसा झाला ते पाहा, कारण खरी गंमत इथेच आहे. आरंभीचा ‘ख्श’ म्हणजे आपल्या ‘क्ष’चा जोडीदार. इराणात त्यातला ख् गळून श उरला, आपल्या प्राकृतात बहुधा ख उरला. म्हणून क्षीराची आपल्याकडे खीर झाली आणि तिकडे ‘शीर’. ईदच्या शिरखुर्म्यातलं शिर म्हणजे दूधच, आणि खुर्मा म्हणजे खजूर. ‘क्षपा’ म्हणजे रात्र, तीच शब-ए-बारातमधली ‘शब’. मधला थ आपल्यासारखा स्फोटक नव्हता, जीभ दातांना टेकवून हवा घासत सोडायचा घर्षक होता. दोन स्वरांच्या मधे तो विरून ह झाला: ‘गाथु’ म्हणजे जागा, तिचं ‘गाह’ झालं, तेच ईदगाह आणि दर्ग्यात आहे. मग य विरघळला, अंत्य स्वर गळले, उरला शाह. हे नियम शब्दामागून शब्द लागू पडतात, म्हणूनच ही व्युत्पत्ती पक्की. नुसत्या कानावर विसंबलं तर फसगत होते. गुजराती व्यापाऱ्यांचं ‘शाह’ आडनाव राजावरून नव्हे, साधु-साहु या वाटेने आलेलं आहे.

‘शाह’ ही पदवी भारतात मुसलमानी अमलाबरोबर आली, हा समजही चुकीचा. कनिष्काच्या नाण्यांवर ‘शाओनानो शाओ’, म्हणजे तेच ‘राजांचा राजा’, आहे, आणि चौथ्या शतकातल्या समुद्रगुप्ताच्या प्रयाग प्रशस्तीत चक्क ‘षाहि-षाहानुषाहि’.

आपलं चतुरंग इराणात गेलं. राजावर हल्ला झाला की तिथले खेळाडू ‘शाह!’ म्हणून सावध करत. अरबांनी खेळासोबत शब्दही उचलला. युरोपात त्याचं लॅटिन ‘स्काकुस’ झालं, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, आणि इंग्रजीत ‘चेक’. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून ‘चेस’ निघाला. जर्मन आजही ‘शाख’ म्हणतात, रशियन ‘शाखमाती’. पटाच्या चौकटींवरून चेक्सचा शर्ट आला. राजाला अडवणं यावरून कुठलीही अडवणूक आणि तपासणी ‘चेक’ ठरली, आणि त्या तपासणीतून बँकेचा चेक.